हजरत ईसा (अलै.) : जीवितकार्य आणि नेतृत्वाची कसोटी

विसाव्या शतकात नेतृत्व हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला. विद्यापीठांच्या व्यवस्थापनशास्त्रात त्याला मानाचे स्थान मिळाले, उद्योगसंस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी त्याची शिबिरे भरवू लागल्या आणि आज आपल्या घरातील मुले-मुलीही ध्येयनिश्चिती, संघबांधणी, प्रभाव, उत्तराधिकार असे शब्द महाविद्यालयातून घरी घेऊन येतात. या शास्त्राने इतिहासातील थोर व्यक्तींच्या चरित्रांकडेही आपली दृष्टी वळवली. अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ब्रूस बार्टन यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात येशूंना आधुनिक उद्योगजगताचे आद्य प्रवर्तक म्हणून रंगवले. १९९५ साली लॉरी बेथ जोन्स यांच्या पुस्तकात तेच व्यक्तिमत्त्व कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या रूपात वाचकांपुढे आले.

ख्रिस्ती बांधव ज्यांना येशू म्हणतात ते हजरत ईसा (अलै.) आपलेही पैगंबर आहेत. त्यांच्या रिसालतीचा स्वीकार केल्यावाचून कोणाचेही ईमान पूर्ण होत नाही. दिव्य कुरआनात त्यांचे ईसा हे नाव २५ वेळा आणि त्यांच्या मातोश्री हजरत मरयम (अलै.) यांचे नाव ३४ वेळा आले आहे. म्हणूनच या नव्या मांडणीकडे दुर्लक्ष करून आपल्याला पुढे जाता येत नाही. अल्लाहने त्यांना नेमक्या कोणत्या कार्यासाठी पाठवले आणि नेतृत्वशास्त्राच्या मापाने ते कार्य कितपत मोजता येते, हे दोन्ही प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. कारण जे माप आपण पैगंबरांना लावू, तेच माप नकळत आपल्या घराला, आपल्या मशिदीला आणि आपल्या स्वतःच्या आयुष्यालाही लावू.

रोमच्या छायेतील समाज

इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे याने जेरुसलेम ताब्यात घेतले आणि बनी इस्राईलच्या भूमीवर रोमचा अंमल सुरू झाला. पुढे रोमच्या आशीर्वादाने हेरोद राजा गादीवर बसला. त्याने बैतुल मक्दिसची भव्य पुनर्बांधणी हाती घेतली. मात्र त्याच्या क्रौर्याची दहशतही तितकीच मोठी होती. इ.स.पूर्व ४ मध्ये तो मरण पावला. हजरत ईसा (अलै.) यांचा जन्म त्याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात झाला असावा, असे इतिहासकार सर्वसाधारणपणे मानतात. इ.स. ६ मध्ये यहुदिया प्रांत थेट रोमन अधिकाऱ्याच्या हाती गेला. कर आकारणीसाठी जनगणना झाली आणि तिच्याविरुद्ध गालीलच्या यहूदा नावाच्या पुढाऱ्याने बंडाचा झेंडा उभारला. इ.स. २६ ते ३६ या काळात पाँतियस पिलात हा तेथील रोमन अधिकारी होता.

बाहेरून पाहणाऱ्याला या समाजाचे दुखणे म्हणजे परकी सत्ता आणि करांचा बोजा एवढेच दिसले असते. कुरआन मात्र अधिक खोल जखमेवर बोट ठेवते. ज्यांच्याकडे ग्रंथाचे ज्ञान होते त्यांच्यापैकी अनेकांनी ते उपजीविकेचे साधन केले होते. लोकांची संपत्ती अन्यायाने गिळंकृत करणारे धर्मपंडित निर्माण झाले होते. मंदिराच्या पुरोहितवर्गाशी जोडलेला सदुकी पंथ मृत्यूनंतरचे पुनरुत्थानच नाकारत होता, तर परूशी पंथात पूर्वजांच्या परंपरा आणि बाह्य आचार यांचे महत्त्व फार वाढले होते. धर्माचा सांगाडा शाबूत होता, परंतु त्यातील ईशभय आटत चालले होते. सूरह माइदामध्ये या समाजाचा एक मोठा अपराध असा सांगितला आहे की, लोकांनी एकमेकांना दुष्कृत्यांपासून रोखणेच सोडून दिले होते. वाईट गोष्ट घडताना दिसत होती आणि सर्वजण गप्प होते.

अशा काळात लोक मसीहाची वाट पाहत होते. हजरत दाऊद (अलै.) यांच्या वंशातून एक पराक्रमी राजा येईल आणि रोमचे जोखड मोडून टाकील, अशी अनेकांची अपेक्षा होती. रोनाल्ड हायफेट्झ या अभ्यासकाने १९९४ च्या आपल्या ग्रंथात समस्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही समस्या ठरावीक उपायाने किंवा एखाद्या तज्ज्ञाच्या हुकमाने सुटतात. काही समस्या मात्र लोकांनी स्वतःची मूल्ये आणि सवयी बदलल्यावाचून सुटत नाहीत. दुसऱ्या प्रकारची समस्या पहिल्या प्रकारची समजून हाताळणे ही नेतृत्वाची मोठी चूक होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बनी इस्राईलला पहिल्या प्रकारचा उपाय हवा होता, पण त्यांचा आजार दुसऱ्या प्रकारचा होता. अल्लाहने त्यांच्याकडे सेनापती धाडला नाही. अंतःकरणाचा उपचार करणारा रसूल धाडला.

मातेपासून सुरू झालेली तयारी

या पैगंबरांचे चरित्र कुरआन त्यांच्या आजीपासून सुरू करते, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने लक्षात घेण्यासारखी आहे. इमरान यांच्या पत्नीने आपल्या उदरातील बाळ अल्लाहच्या सेवेसाठी वाहण्याचा नवस केला. मुलगा होईल या अपेक्षेत असताना मुलगी झाली. तरीही मातेने आपला शब्द फिरवला नाही. त्या मुलीचे नाव तिने मरयम ठेवले, तिला आणि तिच्या होणाऱ्या संततीला सैतानापासून अल्लाहच्या आश्रयात दिले, आणि अल्लाहने ती मुलगी उत्तम रीतीने स्वीकारली. तिचे पालकत्व कोणाकडे जावे यासाठी उपासनागृहाच्या सेवकांनी लेखण्या टाकून कौल घेतला आणि ते हजरत जकरिया (अलै.) यांच्याकडे आले. जेव्हा जेव्हा ते तिच्या मेहराबमध्ये जात, तेव्हा तिच्याजवळ अन्न ठेवलेले त्यांना आढळे. विचारल्यावर ती ते अल्लाहकडून आल्याचे सांगे. एका बालिकेचा हा विश्वास पाहून वृद्ध जकरिया (अलै.) यांच्या मनातही संततीची आशा जागी झाली. त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांना हजरत यह्या (अलै.) यांची शुभवार्ता मिळाली.

पुढे हजरत मरयम (अलै.) आपल्या लोकांपासून दूर पूर्वेकडील एका स्थळी एकांतात असताना अल्लाहचा दूत मानवी रूपात त्यांच्यासमोर आला आणि त्याने पवित्र पुत्राची वार्ता दिली. कोणत्याही पुरुषाचा स्पर्श झालेला नसताना हे कसे शक्य आहे, हा त्यांचा प्रश्न होता; अल्लाहला ते सोपे आहे, हे उत्तर होते. सूरह आलि इमरानमध्ये या जन्माची तुलना हजरत आदम (अलै.) यांच्या निर्मितीशी केली आहे. ज्या अल्लाहने आदम (अलै.) यांना मातेवाचून आणि पित्यावाचून निर्माण केले, त्याला पित्यावाचून एका बाळाला जन्म देणे अवघड नाही. पित्याविना झालेला जन्म हा ईश्वरत्वाचा पुरावा असता, तर आदम (अलै.) यांचा दावा अधिक मोठा ठरला असता.

प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या मरयम (अलै.) खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी आल्या. लोकनिंदेच्या कल्पनेने त्यांना जगणे नकोसे झाले. त्या क्षणी त्यांना धीर देण्यात आला. पायाखाली झरा वाहत होता आणि झाडाचा बुंधा हलवला की पिकलेली खजूर पडत होती. मदत अल्लाहकडून आली. तरीही त्या अशक्त मातेला झाडाला हात लावण्यास सांगण्यात आले. तवक्कुल आणि प्रयत्न यांचा मेळ कसा असतो, हे या एका प्रसंगातून उमगते.

पहिली ओळख : अल्लाहचा बंदा

बाळाला घेऊन त्या आपल्या लोकांत परतल्या तेव्हा आरोपांचा वर्षाव झाला. त्यांनी मौनाचे व्रत घेतले होते. त्यांनी केवळ बाळाकडे बोट दाखवले. आणि पाळण्यातील ते मूल बोलू लागले. सूरह मरयममध्ये त्या बोलण्याचा जो क्रम आहे, तो त्यांच्या सबंध जीवितकार्याचा आराखडाच आहे. सर्वप्रथम त्यांनी आपण अल्लाहचे बंदे असल्याचे सांगितले. ग्रंथ आणि पैगंबरी यांचा उल्लेख त्यानंतर आला. मग आपण जेथे असू तेथे लोकांसाठी बरकतीचे कारण असल्याचे, हयात असेपर्यंत नमाज आणि जकातीचा आदेश आपल्याला मिळाल्याचे, आपण मातेशी सद्वर्तन करणारे असल्याचे आणि आपल्याला उद्धट व दुर्दैवी बनवले गेले नसल्याचे त्यांनी सांगितले.

१९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडली. त्यांनी आयुष्याचा मोठा काळ अमेरिकेतील एका बलाढ्य टेलिफोन कंपनीत घालवला होता. खरा नेता आधी सेवक असतो, सेवेच्या ओढीतून तो नेतृत्वाकडे येतो, आणि ज्यांची सेवा झाली ती माणसे अधिक समर्थ झाली की नाही यावरून त्याची परीक्षा करावी, असा त्यांचा विचार होता. व्यवस्थापनाच्या जगात ही कल्पना क्रांतिकारक ठरली. हजरत ईसा (अलै.) यांच्या चरित्राशी तिचे साम्य सहज दिसते. मात्र एक मूलभूत भेद आहे. ग्रीनलीफ यांचा सेवक माणसांचा सेवक आहे. हजरत ईसा (अलै.) सर्वप्रथम अल्लाहचे सेवक आहेत आणि माणसांची सेवा हे त्या बंदगीचे फळ आहे. सूरह निसामध्ये स्पष्ट केले आहे की, अल्लाहचा बंदा असण्यात मसीह (अलै.) यांना कधीच कमीपणा वाटणार नाही. जो केवळ लोकांचा सेवक असतो त्याला लोकांची मर्जी कधी ना कधी सत्यापासून दूर नेऊ शकते. जो अल्लाहचा बंदा असतो तो लोकांची सेवा करतो, पण त्यांच्या चुकीच्या इच्छेपुढे मान झुकवत नाही.

कार्याचा नेमका उद्देश

कोणत्याही संस्थेला आपले ध्येय मोजक्या शब्दांत सांगता आले पाहिजे, असा आजच्या व्यवस्थापनाचा आग्रह असतो. हजरत ईसा (अलै.) यांच्या कार्याची उद्दिष्टे कुरआनात निरनिराळ्या सूरहमध्ये विखुरलेली आहेत, ती एकत्र केली असता स्पष्ट चित्र उभे राहते.

पहिले उद्दिष्ट तौहीदचे आवाहन. अल्लाहच आपला आणि तुमचाही पालनकर्ता आहे, म्हणून त्याचीच भक्ती करा आणि हाच सरळ मार्ग आहे, हा त्यांचा मूळ संदेश होता. हजरत नूह, इब्राहीम आणि मूसा (अलै.) यांनी सांगितलेला आणि शेवटी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेला दीन हाच होय.

दुसरे उद्दिष्ट तौरातची पुष्टी. ते जुने मोडून नवा पंथ स्थापन करण्यासाठी आले नव्हते. मूसा (अलै.) यांच्या शरीअतीचा आत्मा लोकांना परत मिळवून देणे हे त्यांचे काम होते.

तिसरे उद्दिष्ट सुलभता. पूर्वी निषिद्ध ठरवलेल्या काही गोष्टी अल्लाहच्या आज्ञेने वैध करून त्यांनी लोकांवरील ओझे हलके केले.

चौथे उद्दिष्ट हिकमत. सूरह जुखरुफमध्ये म्हटल्याप्रमाणे, ज्या बाबतींत लोकांत मतभेद झाले होते त्यांपैकी काहींचा उलगडा करण्यासाठी ते सुज्ञता घेऊन आले होते. पंथोपपंथांच्या वादात अडकलेल्या समाजाला त्यांनी वादाच्या मुळाशी नेले. त्यांना मिळालेल्या इंजीलमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश होता, आणि सूरह हदीदमधील निवेदनानुसार त्यांच्या अनुयायांच्या अंतःकरणात अल्लाहने करुणा आणि दया निर्माण केली. कठोर झालेल्या मनांना पाझर फोडणे हा या हिकमतीचाच भाग होता.

पाचवे उद्दिष्ट येणाऱ्या पैगंबरांची शुभवार्ता. सूरह सफमध्ये त्यांनी आपल्यानंतर येणाऱ्या अहमद नावाच्या रसूलाची वार्ता दिल्याचा उल्लेख आहे. उत्तराधिकाराचा विचार करणे हे परिपक्व नेतृत्वाचे लक्षण मानले जाते, परंतु बहुतेक नेते आपलीच छाया पुढे लांबवू पाहतात. हजरत ईसा (अलै.) यांनी आपले कार्य एका मोठ्या साखळीतील एक कडी मानले आणि पुढच्या कडीकडे लोकांचे लक्ष वेधले.

चमत्कार आणि अधिकार

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी अधिकाराचे तीन प्रकार सांगितले : परंपरेने आलेला, कायद्याने मिळालेला आणि असामान्य व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावातून निर्माण झालेला. तिसऱ्या प्रकारात अनुयायी नेत्याच्या ठायी विलक्षण शक्ती पाहतात आणि त्याच्याकडे खेचले जातात. हजरत ईसा (अलै.) यांना अल्लाहने जे मोजिजे दिले ते पाहता त्यांना या प्रकारात बसवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यांनी मातीच्या पक्ष्यात फुंकर घातली आणि तो उडाला. जन्मांध आणि कोडाने पीडित माणसे त्यांच्या हातून बरी झाली. मृत व्यक्ती जिवंत झाली. लोकांनी घरात काय खाल्ले आणि काय साठवले हेही ते सांगत.

परंतु कुरआनातील वर्णनात या चमत्कारांबरोबर अल्लाहच्या अनुमतीने ही अट वारंवार येते. सूरह माइदामध्ये तर जवळपास प्रत्येक मोजिजानंतर तिची आठवण दिली आहे. लोक थक्क होऊन ज्या क्षणी त्यांच्याकडे पाहत, त्याच क्षणी ते लोकांची नजर आपल्यावरून उचलून अल्लाहकडे वळवत. व्यक्तिमाहात्म्यावर उभा असलेला नेता लोकांचे आश्चर्य स्वतःपाशी साठवतो. त्यांनी ते आश्चर्य शुक्र आणि ईमान यांत रूपांतरित केले. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आंधळे, कोडी, रोगी ही माणसे त्या समाजात कडेला पडलेली होती. त्यांच्या मोजिजांचा मोठा लाभ याच दुर्बलांना मिळाला.

अल्लाहच्या नावाविषयी त्यांच्या मनात किती आदर होता, हे बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांतील एका निवेदनावरून कळते. त्यांनी एका माणसाला चोरी करताना पाहिले आणि त्याला त्याबद्दल विचारले. त्याने अल्लाहची शपथ घेऊन इन्कार केला. तेव्हा आपण अल्लाहवर विश्वास ठेवतो आणि स्वतःच्या डोळ्यांना खोटे मानतो, असे त्यांनी सांगितले. स्वतःच्या निरीक्षणाचा आग्रह धरून एखाद्याला लोकांत अपमानित करणे त्यांना सहज शक्य होते. परंतु अल्लाहचे नाव मध्ये येताच त्यांनी आपला शब्द मागे घेतला.

हवारी : मोजक्या माणसांची घडण

जेव्हा बहुसंख्य लोकांचा नकार स्पष्ट झाला, तेव्हा अल्लाहच्या मार्गात आपल्याला कोण साहाय्य करील, असा प्रश्न त्यांनी केला. हवारींनी आपण अल्लाहचे साहाय्यक असल्याचे उत्तर दिले आणि आपल्या समर्पणाची साक्ष देण्याची त्यांना विनंती केली. या संवादातील सूक्ष्म अर्थ पाहण्यासारखा आहे. त्यांनी साहाय्य मागितले ते अल्लाहच्या कार्यासाठी, आणि अनुयायांनीही स्वतःची ओळख व्यक्तीच्या नावाने करून दिली नाही. सूरह सफच्या अखेरीस हाच प्रसंग ईमानधारकांपुढे कायमचा आदर्श म्हणून ठेवला आहे.

अमेरिकन अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ साली नेतृत्वाचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात देवाणघेवाण असते : तुम्ही मला पाठिंबा द्या, मी तुम्हाला लाभ देईन. दुसऱ्या प्रकारात नेता आणि अनुयायी एकमेकांना नैतिकतेच्या वरच्या पायरीवर नेतात. माइदा म्हणजे आकाशातून उतरवलेल्या भोजनाच्या थाळ्याचा प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. अल्लाह आकाशातून असा थाळा उतरवू शकेल काय, असे हवारींनी विचारले. लाभाच्या बळावर माणसे टिकवू पाहणाऱ्या नेत्याने अशी मागणी आनंदाने झेलली असती. हजरत ईसा (अलै.) यांनी आधी त्यांना अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. त्यांनी आपला हेतू स्पष्ट केला की त्यांना त्यातून खायचे आहे, अंतःकरणाचे समाधान हवे आहे, सत्याची खात्री करून घ्यायची आहे आणि साक्षीदार बनायचे आहे. तेव्हाच त्यांनी प्रार्थना केली. अल्लाहने ती स्वीकारताना इशाराही दिला की, इतकी उघड निशाणी पाहिल्यावर जो इन्कार करील त्याची शिक्षा असामान्य असेल. मिळालेल्या प्रत्येक देणगीबरोबर जबाबदारी वाढते, हा धडा त्या दस्तरखानावर हवारींना मिळाला.

विरोध आणि यशाचे माप

सत्य सांगणाऱ्याला किंमत मोजावी लागते. हजरत यह्या (अलै.) यांना हेरोदचा मुलगा अंतिपास याने ठार केले. हजरत ईसा (अलै.) यांच्याविरुद्धही कारस्थान शिजले. त्यांना सुळावर चढवल्याचा दावा विरोधकांनी केला. परंतु सूरह निसामधील निर्णय असा आहे की, त्यांना कोणी ठार केले नाही आणि सुळावरही चढवले नाही, तर प्रकरण लोकांसाठी संशयास्पद करण्यात आले आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. कयामतीपूर्वी ते न्यायी शासक म्हणून पुन्हा अवतरतील, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे.

येथेच नेतृत्वशास्त्राचे माप अपुरे पडते. अनुयायांची संख्या, ताब्यातील साधने, उभारलेली संस्था, हयातीत मिळालेले यश यांवर एखादा परीक्षक त्यांचे कार्य मोजू लागला, तर त्याच्या वहीत फारसे काही उतरणार नाही. मूठभर हवारी, ना सत्ता, ना कोष, आणि प्रांताचे राज्य अजूनही रोमच्याच हाती. बार्टन आणि जोन्स यांच्यासारख्या लेखकांना त्यांच्यात यशस्वी संघटक दिसला, तो पुढील शतकांतील विस्तार डोळ्यांसमोर ठेवून. परंतु कुरआनच्या दृष्टीने पैगंबराची जबाबदारी संदेश सुस्पष्टपणे पोहोचवणे ही आहे; अंतःकरणे वळवणे अल्लाहच्या हाती आहे. ज्या पैगंबराचे कोणीच ऐकले नाही तोही अल्लाहजवळ तितकाच सफल आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, ज्यांनी अंतःकरणाच्या सुधारणेचे आवाहन नाकारले आणि केवळ सत्ताबदलात मुक्ती शोधली, त्यांचा शेवटही इतिहासाने पाहिला. इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध मोठे बंड झाले. त्या काळात जेरुसलेममधील गट एकमेकांच्याच जिवावर उठले आणि इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने बैतुल मक्दिस जमीनदोस्त केले.

अनुयायांची जबाबदारी

नेत्याच्या पश्चात त्याच्या संदेशाचे काय होते, हा नेतृत्वाच्या अभ्यासातील अवघड प्रश्न आहे. हजरत ईसा (अलै.) अरामी भाषा बोलत, त्यांच्याविषयीची चार शुभवर्तमाने मात्र नंतरच्या काळात ग्रीक भाषेत लिहिली गेली. त्यांच्या स्वरूपाविषयी वाद वाढत गेले. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या निमंत्रणावरून निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्यांना पित्याशी एकतत्त्व ईश्वर ठरवणारा मतसिद्धांत मंजूर केला. ज्यांनी आपली पहिली ओळख अल्लाहचा बंदा म्हणून दिली होती, त्यांच्यावरील प्रेमाचे पर्यवसान त्यांच्याच उपासनेत झाले. कुरआन साध्या शब्दांत आठवण देते की ते आणि त्यांच्या मातोश्री दोघेही अन्न खात असत.

सूरह माइदाच्या शेवटी कयामतीच्या दिवसाचे एक दृश्य आहे, जे वाचताना अंगावर काटा उभा राहतो. आपल्याला आणि आपल्या मातेला उपास्य बनवा असे तुम्ही लोकांना सांगितले होते काय, अशी विचारणा अल्लाह हजरत ईसा (अलै.) यांच्याकडे करील. ते अल्लाहचे पावित्र्य वर्णन करतील, जे सांगण्याचा अधिकार नाही ते आपण सांगूच शकत नव्हतो असे निवेदन करतील, आज्ञा झाली तेवढेच आपण सांगितल्याचे आणि लोकांमध्ये असेपर्यंतच आपण त्यांच्यावर साक्षी होतो असे स्पष्ट करतील. नंतर लोकांचा निवाडा अल्लाहवर सोपवतील : शिक्षा दिली तर ते त्याचेच बंदे आहेत, क्षमा केली तर तो सर्वशक्तिमान आणि प्रज्ञावान आहे. उत्तरदायित्वाचा इतका उंच आदर्श कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. अनुयायांच्या स्तुतीबद्दलही नेत्याला उत्तर द्यावे लागणार आहे, मग ती स्तुती त्याने मागितली नसली तरीही.

म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतीला ताकीद दिली की, मरयमपुत्राच्या बाबतीत जशी अतिशयोक्ती झाली तशी आपल्या बाबतीत करू नये, आपल्याला अल्लाहचा बंदा आणि रसूल म्हणावे.

आपल्या घरांसाठी बोध

हे चरित्र आपल्या आजच्या जीवनाला थेट भिडते. आपल्या मशिदींच्या समित्या, शैक्षणिक संस्था आणि जमाती यांमध्ये पदासाठी चाललेली चढाओढ आपण सर्वच पाहतो. फलकावरील नाव, व्यासपीठावरील खुर्ची आणि अध्यक्षपदाचा मान यांसाठी भाऊ भावाशी बोलणे सोडतो. अशा वेळी पाळण्यातील त्या पहिल्या शब्दांची आठवण व्हावी. पदापूर्वी बंदगी आली नाही, तर सेवा हा केवळ शब्द उरतो. तसेच वाईट गोष्ट घडताना गप्प राहण्याचा जो अपराध बनी इस्राईलने केला, तो हुंड्याच्या देवघेवीत, वारसाहक्कात बहिणींना वगळण्यात आणि व्याजाच्या व्यवहारात आपणही करत नाही ना, याचा प्रत्येक कुटुंबप्रमुखाने विचार करावा.

मुलांना घडवणाऱ्या मातापित्यांसाठी इमरान यांच्या पत्नीचा नवस हा मोठा धडा आहे. अपेक्षेपेक्षा वेगळे मूल पदरी आले तरी तिने त्याचे अल्लाहशी असलेले नाते तोडले नाही, आणि त्या मुलीलाच अल्लाहने सर्व जगातील स्त्रियांत निवडले. मुलगी झाली म्हणून चेहरा उतरणाऱ्या घरांनी सूरह आलि इमरान पुन्हा एकदा अर्थासह वाचावी.

वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती बांधव आपले शेजारी आहेत. त्यांच्याशी बोलताना हजरत ईसा (अलै.) आणि हजरत मरयम (अलै.) यांच्याविषयीचा आपला आदर त्यांना कळला पाहिजे. हबशाच्या बादशाहासमोर हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी सूरह मरयममधील आयतींचे पठण केले तेव्हा नजाशीचे डोळे पाणावले. सत्याची कोणतीही तडजोड न करता आणि समोरच्याच्या श्रद्धेचा उपहास न करता संवाद कसा करावा, याचा तो वस्तुपाठ आहे. शेजाऱ्याच्या घरातील मुलाने येशूंविषयी विचारले, तर आपल्या मुलाला त्यांच्या जन्माची, त्यांच्या मातेच्या पावित्र्याची आणि त्यांच्या संदेशाची गोष्ट आत्मविश्वासाने आणि प्रेमाने सांगता आली पाहिजे.

आधुनिक विचारांतून शिकण्यास इस्लामची आडकाठी नाही. सेवा, मूल्यांचे परिवर्तन, माणसे घडवणे, पुढील पिढीचा विचार या गोष्टी जेथे सांगितल्या जातात तेथे त्या घ्याव्यात. परंतु पैगंबरांच्या जीवनाला बाजारातील यशाच्या तराजूत घालू नये. तो तराजू अनुयायी मोजतो; कयामतीच्या दिवशीचा तराजू निष्ठा मोजणार आहे. अल्लाह आपल्या सर्वांना बंदगीची प्रतिष्ठा ओळखण्याची, आपल्या हाती सोपवलेल्या प्रत्येक जबाबदारीत प्रामाणिक राहण्याची आणि त्याच्या सर्व पैगंबरांवर भेद न करता ईमान ठेवून त्यांच्या मार्गाने चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.